यंत्रात नोंद नाही, मग कानांनी काय ऐकले?

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरातील लोकांना जमिनीतून आल्यासारखे आवाज ऐकू आले. लोक घाबरले. प्रशासनाला कळवण्यात आले. आपत्ती व्यवस्थापन विभागाने लातूर शहर, औराद शहाजानी आणि आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे चौकशी केली. तिन्ही ठिकाणी भूकंपाची नोंद नव्हती. त्याच महिन्यात ४ तारखेला निलंगा तालुक्यातील निटूर-डांगेवाडी भागात असाच आवाज ऐकू आला होता. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये हासोरी, किल्लारी आणि आसपासच्या गावांनी असे आवाज एकाहून अधिक वेळा ऐकले होते. नांदेड शहराने तर हा अनुभव कितीतरी आधीच घेतला होता.

अशी बातमी आली की दोन ठरलेली मते ऐकू येतात. पहिले मत असे : 'यंत्रात नोंद नाही, म्हणजे काही घडलेच नाही. लोकांना भास झाला, बाकीचे काम अफवेने केले.' दुसरे मत असे : 'आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले. यंत्रे बिघडलेली असतील, नाहीतर सरकार काहीतरी लपवत असेल.' वर्तमानपत्रे या दोहोंच्या मध्ये 'गूढ' हा शब्द ठेवून मोकळी होतात.

विज्ञान शिकवणाऱ्याला यांपैकी एकही बाजू घेऊन चालणार नाही, असे आम्हांस वाटते. जिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरे कोसळून हजारो माणसे गेली, तिथे जमिनीतून आवाज आला तर लोक रात्री अंगणात झोपतात. दुसऱ्या दिवशी मुले वर्गात येऊन विचारतात, 'सर, पुन्हा होणार का?' त्यांना 'तुम्हांला भास झाला' असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच 'काय माहीत बाबा' म्हणणेही चुकीचे. म्हणून या लेखात आपण एकच प्रश्न हाती घेऊ. कानाने ऐकलेले आणि यंत्राने मोजलेले जुळत नसेल, तर विश्वास कोणावर ठेवायचा आणि कशाच्या आधारे?

जमिनीचा आवाज हवेत कसा येतो?

भूकंप म्हटला की आपल्याला हादरा आठवतो. पण खडकात भेग सरकते तेव्हा जे तरंग निघतात, त्यांतील सर्वांत वेगवान प्राथमिक तरंग हे ध्वनितरंगांसारखेच असतात. ते खडकाला पुढेमागे दाबत आणि ताणत जातात. असा तरंग खालून पृष्ठभागापर्यंत आला की जमीन वरखाली हलते आणि आपल्यावरच्या हवेला ढकलते. लाऊडस्पीकरचा पडदा हवेला ढकलतो तसेच. फरक इतकाच की इथे पडदा काही चौरस किलोमीटरचा असतो!

हा पडदा किती हलला म्हणजे आपल्याला ऐकू येईल? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल असे हे गणित आहे. हवेतील दाबाचा बदल म्हणजे हवेची घनता गुणिले ध्वनीचा वेग गुणिले जमिनीच्या हालचालीचा वेग. घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर पहिल्या दोहोंचा गुणाकार ४१४ येतो. आता ५० हर्ट्झचा आवाज निरोगी कानाला शांततेत ऐकू येण्यासाठी सुमारे ४४ डेसिबल पातळी लागते. म्हणजे साधारण ०.००३२ पास्कल इतका दाबाचा बदल. त्याला ४१४ ने भागले की जमिनीचा वेग मिळतो : सेकंदाला सुमारे ०.००८ मिलिमीटर. ५० हर्ट्झला या वेगाने हलणारी जमीन आपल्या जागेपासून जास्तीत जास्त २५ नॅनोमीटर सरकते. हा केसाच्या जाडीच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्शाएवढा सरकाव झाला.

पायांना किंवा अंगाला हादरा जाणवायचा असेल तर जमिनीचा वेग साधारण सेकंदाला ०.१ ते ०.३ मिलिमीटर असावा लागतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. ५० हर्ट्झच्या आसपासचे कंपन अंगाला जाणवण्याच्या पातळीपेक्षा दहा पटींहून अधिक क्षीण असतानाच कानाला ऐकू येऊ शकते. 'आवाज आला पण हादरा बसला नाही' हे गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून काहीजण हसतात. हे गणित पाहिल्यावर हसण्याचे कारण उरत नाही.

हेच गणित २० हर्ट्झसाठी करून पाहावे. तिथे ऐकू येण्यासाठी जवळजवळ ७८ डेसिबल लागतात, आणि जमिनीचा वेग सेकंदाला ०.४ मिलिमीटर निघतो. एवढा हादरा अंगालाही जाणवतो. म्हणजे 'फक्त ऐकू येणारा, न जाणवणारा' भूकंप व्हायचा असेल तर त्याच्या कंपनात वरच्या वारंवारता असल्या पाहिजेत. तशा त्या लहान भूकंपात असतात. भेग जितकी लहान, तितके तिचे कंपन जलद. मोठ्या ढोलाचा आवाज खर्जातला आणि छोट्या ढोलकीचा चढा असतो, तसे हे समजावे. मात्र जलद कंपने खडकातून जाताना लवकर विरतात. दूरच्या मिरवणुकीतला ढोल आपल्याला ऐकू येतो, झांज येत नाही. म्हणून असा आवाज ऐकू यायचा तर भूकंप लहान, उथळ आणि जवळचा हवा.

यंत्राचा कान केवढा?

आता यंत्राकडे वळू. भूकंपमापक हे अत्यंत संवेदनशील यंत्र आहे, यात शंका नाही. हजारो किलोमीटर दूर झालेला मोठा भूकंप ते टिपते. पण ते काय टिपण्यासाठी बसवलेले आहे, हे विचारले पाहिजे. अनेक केंद्रांवरील अंकीय भूकंपमापक दर सेकंदाला १०० वेळा नोंद घेतात. अशा नोंदीत ५० हर्ट्झच्या वरचे काहीही सापडू शकत नाही, हा नियमच आहे. आपला कान मात्र २० हर्ट्झपासून पुढे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. दोघांचे क्षेत्र एकमेकांत मिसळते ते फक्त २० ते ५० हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात. भूकंप शोधताना तज्ज्ञ पुष्कळदा आलेखातील वरच्या वारंवारता गाळूनही टाकतात. कारण त्यांत वाहने, मोटारपंप आणि गिरण्यांचा गोंधळ फार असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. विरणाऱ्या तरंगांचा उल्लेख वर केलाच आहे. गावाच्या खाली दोन किलोमीटरवर झालेली बारीक हालचाल गावाला ऐकू येईल. तीस-चाळीस किलोमीटरवरील केंद्राला ती गोंधळापासून वेगळी काढता येईलच असे नाही. तिसरी गोष्ट म्हणजे भूकंपाची जागा ठरवायची तर एका केंद्राची नोंद पुरत नाही. निदान तीन-चार केंद्रांनी तो स्पष्ट टिपावा लागतो. त्याहून लहान घटना यादीत येत नाही. 'यादीत नाही' आणि 'घडले नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत.

म्हणून 'नोंद नाही' हे उत्तर अपुरे आहे. पुरे उत्तर असे असायला हवे : 'आमचे यंत्र अमुक अंतरावर आहे, तेथून अमुक तीव्रतेपर्यंतचा भूकंप टिपता येतो, आणि तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची नोंद त्या वेळी नाही.' हे वाक्य लांब आहे, पण ते ऐकणाऱ्याला मूर्ख ठरवत नाही.

आता विवेकानंद चौकाच्या घटनेला हा नियम लावून पाहू. तेथे केंद्रांपैकी एक लातूर शहरातच आहे. भर दिवसा, रहदारीच्या चौकात ऐकू येण्याजोगा आवाज ४४ डेसिबलचा असून चालणार नाही. तो बराच मोठा असावा लागतो. असा आवाज शहराखालील भूकंपाचा असता तर शहरातल्याच यंत्रावर त्याची काही खूण राहण्याची शक्यता मोठी होती. म्हणून इथे 'नोंद नाही' या गोष्टीला खरे वजन आहे. ती भूकंपाच्या विरुद्ध जाते. मात्र आवाज आलाच नाही असे ती म्हणत नाही. ती एवढेच सुचवते की आवाजाचे मूळ बहुधा दुसरीकडे शोधावे : दगडखाणीतील सुरुंग, विहिरीचे खोदकाम, ध्वनीपेक्षा वेगाने गेलेले विमान किंवा असेच काही. तीच 'नोंद नाही' केंद्रापासून दूर असलेल्या एखाद्या खेड्यासाठी आली, तर तिचे वजन पुष्कळ कमी होते. शब्द तेच, पण पुरावा म्हणून त्यांची किंमत वेगळी.

जिथे कान हरतो

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे शेवटी कानच श्रेष्ठ!' तसे नाही. याच वादाचे उलटे उदाहरण घेऊ. संगीत ऐकण्याच्या महागड्या संचांसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडणाऱ्या केबली हजारो, कधी लाखो रुपयांना विकल्या जातात. विकणारे आणि घेणारे म्हणतात, 'या केबलीने आवाज मोकळा होतो, खोल होतो. तो फरक यंत्राला कळत नाही, कानाला कळतो.' वाक्याची घडण गावकऱ्यांच्या वाक्यासारखीच आहे. मग त्याचा निवाडाही तसाच करायचा का?

पुन्हा मोजून पाहू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तार तीन मीटर वापरली, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध ०.०४ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे डेसिबलचा विसावा भाग. कानाला आवाजाच्या पातळीतला फरक साधारण एक डेसिबलच्या आसपास कळतो. अगदी अनुकूल परिस्थितीत त्याच्या तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत. उलट प्रयोगशाळेतली यंत्रे तारेतल्या संदेशात लाखात एक भाग बदल झाला तरी दाखवतात. म्हणजे या प्रश्नात यंत्राचे क्षेत्र कानाच्या संपूर्ण क्षेत्राला झाकून पलीकडे जाते. तारेतून गेलेल्या संदेशात यंत्राला दिसणार नाही पण कानाला ऐकू येईल असा फरक राहायला इथे जागाच उरत नाही.

तारेने आवाज बदलतच नाही, असे मात्र म्हणू नये. शाळेच्या मैदानावर अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार तीस मीटर ओढून आठ ओहमचा स्पीकर लावा. तारेचा रोध दोन ओहमच्या वर जातो आणि स्पीकरला मिळणारी शक्ती सुमारे ३७ टक्क्यांनी घटते. शिवाय स्पीकरचा अवरोध प्रत्येक वारंवारतेला वेगळा असल्याने घटही सगळीकडे सारखी होत नाही, आणि आवाजाचा पोतही बदलतो. हा फरक कोणालाही ऐकू येतो. तो ओहमच्या नियमाने आधीच सांगता येतो आणि जाड तार घालून थोड्या खर्चात दूर करता येतो. मोजमाप इथे फरक नाकारत नाही. तो कुठे आहे आणि कुठे नाही, एवढे सांगते.

मग महाग केबलीत लोकांना फरक का ऐकू येतो? ते खोटे बोलतात असे नाही. किंमत माहीत असली, केबल डोळ्यांपुढे असली की मन ऐकण्यात भर घालते. म्हणून परीक्षा डोळ्यांआड करावी लागते. कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्यालाही माहीत नसावे आणि त्याच्याशी बोलणाऱ्यालाही. दोन्हींचा आवाज मोजून समान केलेला असावा. कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. १६ फेऱ्यांपैकी १२ किंवा अधिक वेळा बरोबर ओळखले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. हे गणित नाणेफेकीने वर्गात तपासता येते. मात्र चाळीस मुलांच्या वर्गात एखादा केवळ नशिबानेही बारा गाठेल. त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी.

आता दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवा. केबलीच्या प्रश्नात यंत्र कानापेक्षा सर्व बाजूंनी तीक्ष्ण आहे, म्हणून यंत्राला फरक दिसत नसेल तर तो नाही असे म्हणता येते. खेड्यातील आवाजाच्या प्रश्नात यंत्र दूर आहे आणि कानाच्या क्षेत्राच्या एका कोपऱ्यातच काम करते, म्हणून तिथे तसे म्हणता येत नाही. 'मोजमाप श्रेष्ठ की अनुभव श्रेष्ठ' हा प्रश्न त्यामुळे असा विचारण्यात अर्थ नाही. कोणते यंत्र, कुठे ठेवलेले, काय टिपू शकणारे, हे कळल्याशिवाय त्याच्या मौनाचा अर्थ लावता येत नाही.

कानाची उलटतपासणीही झाली पाहिजे. 'आवाज जमिनीतून आला' या साक्षीत 'आवाज आला' हा भाग भक्कम आहे, 'जमिनीतून' हा भाग कच्चा आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते आणि आपल्या दोन कानांत वीतभर अंतर. एवढ्या लांब तरंगाची दिशा कानांना नीट ठरवता येत नाही. खोल, घुमणारा आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, आणि किल्लारीची आठवण असलेले मन तो पायाखालून आला असे ठरवते.

यंत्र जवळ नेले तेव्हा

मौनाचा अर्थ लागत नसेल तर उपाय एकच : यंत्र आवाजाजवळ न्यावे. नांदेडला हेच झाले. शहरातील लोक जमिनीखालचे आवाज आणि हलके धक्के यांची तक्रार करत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे डी. श्रीनागेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मालिकेचा यंत्रे लावून अभ्यास केला. त्यांचा निबंध 'करंट सायन्स' या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला. शहराखाली लहान भूकंपांची मालिका चालली होती आणि ती एका प्रस्तरभंगाशी जोडता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे नांदेडकरांचे कान खरे बोलत होते. 'गूढ' म्हणून वर्षानुवर्षे चघळता आली असती अशी गोष्ट काही यंत्रांनी आणि काही महिन्यांच्या चिकाटीने भूशास्त्राच्या नकाशावर आली.

असेच इतरत्रही घडले आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मूडस नावाचे गाव आहे. तेथील जमिनीचे आवाज शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. १९८० च्या दशकात तिथे यंत्रे लावल्यावर ते आवाज अतिशय उथळ आणि बारीक भूकंपांशी जुळले. फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळ ओटानिएमी येथे जमिनीची उष्णता मिळवण्यासाठी पाच-सहा किलोमीटर खोल पाणी दाबून सोडले गेले, तेव्हा २ पेक्षा कमी तीव्रतेच्या भूकंपांचे आवाज रहिवाशांनी कळवले. २०२० मधील दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी शास्त्रज्ञांनी भूकंपमापकांबरोबर सूक्ष्म दाब टिपणारे मायक्रोफोनही ठेवले आणि आवाज व कंपन यांचा मेळ घातला. त्याचा निबंध २०२१ मध्ये आला. तेथे रहिवाशांच्या तक्रारी हीच शास्त्रज्ञांना मिळालेली एक माहिती मानली गेली, हे आपण लक्षात घ्यावे.

मुलांना काय सांगावे?

'पुन्हा होणार का?' या प्रश्नाला मोजमापाकडे आज उत्तर नाही, हे स्वच्छ सांगावे. किल्लारीला १९९३ च्या आधी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लहान धक्के बसले होते. मागे वळून पाहताना ती पूर्वसूचना वाटते. पण लहान भूकंपांच्या मालिका जगभर पुष्कळ होतात, आणि बहुतेक आपोआप शांत होतात. आवाज आले म्हणजे मोठा भूकंप येणार, असे म्हणता येत नाही. येणारच नाही, अशी हमीही देता येत नाही. या अनिश्चिततेवर उपाय भाकीत हा नाही. दगड-मातीच्या जड भिंतींना आणि छतांना बांधून घेणे, शाळेच्या इमारतीची तपासणी मागणे, हादरा बसला तर काय करायचे याचा सराव करणे, हा आहे. हे आवाज आले तरी करायचे आणि न आले तरी करायचे.

दुसरे असे की, मोजमापात भर घालणे शाळांच्या हातात आहे. भूकंप आणि हवेतला स्फोट यांतला भेद एका साध्या घड्याळाने करता येतो. हवेतला आवाज दहा किलोमीटर जायला सुमारे २९ सेकंद घेतो. खडकातला प्राथमिक तरंग सेकंदाला पाचएक किलोमीटर जातो. त्याला दहा किलोमीटरसाठी दोनच सेकंद पुरतात. निलंगा किंवा औसा तालुक्यातील एका रेषेत नसलेल्या चार-पाच शाळांनी आवाजाची वेळ सेकंदासह लिहून ठेवली आणि नंतर ताडून पाहिली, तर पुष्कळ उलगडा होईल. सगळीकडे दोन-तीन सेकंदांच्या आत आवाज आला असेल तर मूळ खडकात. एका गावाहून दुसऱ्या गावी वीस-तीस सेकंदांच्या फरकाने सरकत गेला असेल तर मूळ हवेत. मोबाइलच्या घड्याळाची वेळ जाळ्यावरून जुळवलेली असल्याने हे आज शक्य आहे.

यासाठी एक वही पुरे. तीत तारीख, सेकंदासह वेळ, आवाज किती सेकंद टिकला, एकच धमाका होता की गडगडाट, पत्रे किंवा भांडी वाजली का, अंगाला हादरा जाणवला का, ऐकणारा घरात होता की बाहेर, आणि त्या दिवशी जवळपास सुरुंग किंवा बोअरचे काम चालू होते का, एवढे लिहावे. एक अट मात्र कटाक्षाने पाळावी. प्रत्येकाने दुसऱ्याशी बोलण्याआधी आपापले लिहावे. चौकात चर्चा झाली की दहा साक्षींची एकच साक्ष होते. केबलीच्या परीक्षेत किंमत झाकतात त्याच कारणासाठी इथे शेजाऱ्याचे मत झाकायचे. बाजूच्या गावात काहीच ऐकू आले नसेल, तर तेही लिहावे. 'ऐकू आले नाही' ही नोंदसुद्धा नोंदच आहे.

मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाहण्याचा मोह होईल. जरूर करावा. पण मोबाइलचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो, खालच्या वारंवारतांना तो मंद असतो. त्यातील त्वरणमापकही आपण वर काढला तेवढा सूक्ष्म हादरा भरवशाने टिपत नाही. तेव्हा मोबाइलमध्ये काही उमटले नाही, तर मुलांना पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावावा : या यंत्राला ते ऐकू तरी येणार होते का?

अशा पाच-दहा वह्या एखाद्या तालुक्यात वर्षभर ठेवल्या गेल्या आणि त्यांच्या प्रती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन विभागाला व नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला पाठवल्या, तर यंत्र पुढच्या वेळी कुठे ठेवायचे हे ठरवायला त्यांचा उपयोग होईल. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घालून 'आज आवाज नाही' एवढे लिहून सुरुवात करता येईल.